सात वर्षांची भाषा, चार महिन्यांची शाळा

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत केली. त्यामुळे प्राथमिक शाळेवरच बोलावं, असं मी ठरवलं. शाळा मात्र इथल्या नाहीत. अमेरिकेत पिकांच्या हंगामाबरोबर गावोगाव फिरणारी शेतमजूर कुटुंबं आहेत. त्यांची मुलं वर्षाच्या मध्येच वर्गात येतात आणि मध्येच निघून जातात. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत मी अशा मुलांना इंग्रजी शिकवत आले. ऐकताना तुम्हाला बीड-पाथर्डी आठवलं तर आठवू द्या, शेवटी तिकडे यायचंच आहे.

सुरुवात एका मास्तरापासून करते. 1928 साली टेक्ससमधल्या कोटुला गावात वीस वर्षांचा एक तरुण शिक्षक म्हणून रुजू झाला. कॉलेजचं शिक्षण पुरं करायला पैसे हवे होते म्हणून त्याने एक वर्ष ही नोकरी धरली. वेलहाउसन स्कूल ही त्या गावातली मेक्सिकन वंशाच्या मुलांची वेगळी शाळा. मुलं गरीब, कित्येक उपाशीपोटी यायची. या मास्तराने पहिल्या पगारातून मुलांसाठी खेळाचं साहित्य आणलं, वादविवादाच्या स्पर्धा सुरू केल्या. आणि एक कडक नियम केला: शाळेच्या आवारात, अगदी मैदानावरही, स्पॅनिश बोलायचं नाही. बोललं की शिक्षा.

त्या मास्तराचं नाव लिंडन जॉन्सन. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. 1965 मध्ये त्याने शालेय शिक्षणाला केंद्र सरकारचा मोठा पैसा देणारा कायदा केला, 1966 मध्ये त्यात फिरत्या शेतमजुरांच्या मुलांसाठी स्वतंत्र तरतूद झाली, आणि 2 जानेवारी 1968 रोजी त्याने द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. मुलांना त्यांच्याच भाषेचा आधार देऊन शिकवणाऱ्या शाळांना सरकारी पैसा देणारा हा कायदा. मैदानावर स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांना शिक्षा करणाऱ्या मास्तराचीच ही सही.

जॉन्सनच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, या दोन गोष्टी मला एकत्र ठेवून बघाव्याशा वाटतात. दोन्ही वेळा त्याला हवं होतं ते एकच: या मुलांना इंग्रजी यावं. म्हणजे घरची भाषा बंद करणारे सगळे दुष्ट असतात असं नाही. त्यातले बरेच जण मुलांवर जीव टाकणारे, स्वतःच्या खिशातून चेंडू आणणारे शिक्षक असतात. म्हणून तर ही चूक इतकी टिकते.

आता ही मुलं कोण, ते बघू. 1960 साली, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सीबीएस वाहिनीवर एडवर्ड मरो या पत्रकाराचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट दाखवला गेला. आदल्या दिवशी भरल्या ताटावर बसलेल्या अमेरिकेला ते ताट कोणी पिकवलं हे त्याने दाखवलं. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ हे अशाच घरातले. मंदीच्या काळात ॲरिझोनातली घरची जमीन गेली, कुटुंब कॅलिफोर्नियात मजुरीला आलं, आणि आठवीपर्यंत पोचेस्तोवर सीझरच्या तीसहून अधिक शाळा झाल्या होत्या. आठवीनंतर शाळा सुटलीच.

आजही फिरणं थांबलेलं नाही. कॅलिफोर्नियात सालिनासच्या खोऱ्यात उन्हाळाभर लेट्यूसची भाजी निघते. नोव्हेंबर आला की तो सगळा धंदा ॲरिझोनात युमाकडे सरकतो आणि वसंतात परत येतो. वॉटसनव्हिलला स्ट्रॉबेरी, वॉशिंग्टन राज्यात याकिमाला जूनमध्ये चेरी आणि पुढे सफरचंद. पीक सरकतं तसं कुटुंब सरकतं. कॅलिफोर्निया सरकारने या मजुरांसाठी वसाहती बांधल्या आहेत, स्वस्त आणि बऱ्यापैकी नेटक्या. पण त्या हंगामापुरत्याच उघड्या असतात. हंगाम संपला की खोली रिकामी करायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा खोली हवी असेल तर मधल्या काळात किमान 50 मैल, म्हणजे 80 किलोमीटर लांब राहायला जायचं, असा वर्षानुवर्षांचा नियम होता. खोल्या खऱ्या फिरत्या मजुरांनाच मिळाव्यात हा त्यामागचा हेतू. परिणाम असा, की जवळपास दुसरी खोली घेऊन मुलांची शाळा चालू ठेवू पाहणाऱ्या आईबापांनाही सरकारच गावाबाहेर काढायचं. शिक्षणखातं मुलं शाळेत टिकावीत म्हणून पैसे खर्च करत होतं, आणि घरबांधणी खातं त्याच मुलांना डिसेंबरात हाकलत होतं! शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांसाठी हा नियम सैल व्हायला 2018 उजाडलं.

या मुलांना इंग्रजी यायला किती वेळ लागतो? टोरांटोतले संशोधक जिम कमिन्स यांनी 1980 च्या सुमारास यावर जे काम केलं त्यापासून या विषयाला वळण मिळालं. परदेशातून आलेली मुलं मैदानावरचं, डब्याच्या सुट्टीतलं इंग्रजी साधारण दोन वर्षांत बोलू लागतात. पण पाठ्यपुस्तकातलं, परीक्षेतलं इंग्रजी वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. पुढे कॅलिफोर्नियात केंजी हाकुता यांनी तपासलं तेव्हाही शालेय इंग्रजीला चार ते सात वर्षं लागतात असंच दिसलं.

वेळ लागतो याचं कुणाला नवल वाटणार नाही. खरा घोळ मधल्या काळात होतो, दोन वर्षं झालेली आणि सात न झालेली तेव्हा. मूल फडाफडा बोलतं, विनोद करतं, भांडतं. शिक्षिकेला वाटतं, याला इंग्रजी येतं. मग गणिताच्या शाब्दिक उदाहरणात ते अडखळतं आणि निष्कर्ष निघतो की हे मूलच मंद. मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांचे चारशेहून अधिक अहवाल कमिन्स यांनी वाचले, त्यात हेच सापडलं. बोलता येतं ना, मग भाषेचा प्रश्न संपला, असं धरून गुणांचा सगळा दोष मुलाच्या बुद्धीवर टाकलेला.

शाब्दिक उदाहरण म्हणजे काय, ते बघा. एका मुलीकडे बारा सफरचंदं आहेत, भावापेक्षा पाच जास्त. तर भावाकडे किती? यातलं ‘सफरचंद’ या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, त्यांचे आईबाप पेट्या मोजून मजुरी घेतात. अडतं ते ‘पेक्षा’ आणि ‘जास्त’ यांच्या जोडणीशी. ‘जास्त’ दिसलं की मिळवायचं, असं समजून मूल सतरा उत्तर देतं. तेच उदाहरण स्पॅनिशमध्ये सांगितलं की क्षणात सात. वजाबाकी त्याला येत होती, वाक्य येत नव्हतं. ‘जरी-तरी’, ‘त्यामुळे’, ‘याउलट’ या बारक्या शब्दांवर तिसरी-चौथीचं सगळं विज्ञान आणि भूगोल उभा असतो, आणि डब्याच्या सुट्टीत हे शब्द कोणी बोलत नाही.

आता हिशेब मांडा. भाषेला हवीत सात वर्षं. मूल माझ्या वर्गात असतं चार महिने, फार तर सहा. केंद्राच्या योजनेत फिरतं मूल म्हणून मदत मिळते ती शेवटच्या स्थलांतरापासून 36 महिने. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची साधारण मदत त्यानंतरही चालू राहते, तरी हंगामी मुलाचे वेगळे प्रश्न ओळखणारी माणसं तिथे संपतात. या मुलाला इंग्रजी शिकवल्याचं फळ त्याला शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांना कधीच दिसत नाही. जे काही द्यायचं ते मुलाबरोबर पुढच्या गावाला जाईल असं असलं पाहिजे. माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगते. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाउ विरुद्ध निकल्स या खटल्याचा निकाल दिला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे 1800 चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना वेगळी मदतही मिळत नव्हती. शाळाखात्याचं म्हणणं होतं, आम्ही सगळ्यांना सारखीच पुस्तकं, सारखेच शिक्षक देतो. न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहिलं की जे मुलाला कळतच नाही ते सारखं वाटून समानता येत नाही. 1982 च्या प्लायलर खटल्यात ठरलं की मुलाकडे देशात राहण्याची कागदपत्रं नाहीत म्हणून त्याला शाळा नाकारता येणार नाही. आणि मग 1998 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव 227 मंजूर केला: साधारण एक वर्ष खास इंग्रजीचा वर्ग, नंतर थेट सर्वांबरोबर. सात वर्षांचं काम बहुमताने एका वर्षावर आणलं! 2016 मध्ये मतदारांनीच ते मागे घेतलं. मधल्या अठरा वर्षांत प्राथमिक शाळा पार करून गेलेल्या मुलांना त्या दुरुस्तीचा काही उपयोग नव्हता.

मग चार महिन्यांत करायचं काय? पहिला आठवडा इंग्रजी शिकवण्यात घालवू नये. मूल कोणत्याही भाषेत काय वाचू शकतं, काय लिहू शकतं, हिशेब कसा करतं, हे शोधावं. स्पॅनिशमध्ये वाचणाऱ्या मुलाला ‘वाचन’ शिकवायचं नसतं, ते त्याला येतं. त्याला फक्त नवी भाषा हवी असते. अक्षरओळखच नसलेल्या मुलाला दोन्ही हवं असतं. दोघांना एका बाकावर बसवून तेच चित्रांचं पुस्तक देणं हा दोघांवरही अन्याय.

इथे एक खाच आहे. मेक्सिकोतलं मूल म्हणजे स्पॅनिश बोलणारं, असं शाळा धरून चालते. पण ओआहाका भागातून आलेली कित्येक कुटुंबं घरी मिश्तेको किंवा त्रिकी बोलतात. मुलासाठी स्पॅनिश दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. शाळा कौतुकाने स्पॅनिश बोलणारी मदतनीस बाई आणते, ती मायेने बोलते, मूल गप्प. मग नोंद होते की ‘स्वतःच्या भाषेतही बोलत नाही’. मेळघाटातल्या कोरकू मुलासमोर मराठी पुस्तक ठेवून त्याची मातृभाषा तपासावी, तसलाच प्रकार. आईला नुसतं ‘तुमची भाषा कोणती’ विचारून भागत नाही. कारण स्पॅनिश सांगितलं की सरकारदरबारी मान राहतो, हे ती मेक्सिकोतच शिकून आलेली असते. ‘आजीशी हा काय बोलतो’ असं विचारावं लागतं.

गप्प बसण्याबद्दलही सांगायला हवं. नव्या भाषेत टाकलेलं लहान मूल काही आठवडे, कधी काही महिने बोलत नाही. ऐकत असतं. या काळात त्याला उभं करून ‘म्हण बरं’ करणं म्हणजे रुजत घातलेलं बी उकरून बघणं. बोलायला न लावता त्याला कामात घ्यावं. ‘लाल खडू दे’ म्हटल्यावर खडू आला की भाषा पोचली. चित्रं क्रमाने लावायला द्यावीत, माती-पाण्याचा प्रयोग करायला द्यावा, त्याच्या भाषेचं एखादं मूल शेजारी बसवावं. हे शेजारी बसवणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक, आणि ‘वर्गात गोंगाट होतो’ म्हणून सगळ्यात आधी बंद होणारं.

अजून एक सवय मोडावी लागते. इंग्रजीच्या तासासाठी मुलाला वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत नेतात. तेव्हा वर्गात बहुधा गणित किंवा विज्ञान चालू असतं. म्हणजे इंग्रजी शिकताना ते जगाबद्दलचं शिकणंच बुडवतं, आणि पुढच्या गावी दोन्हींत मागे. त्यापेक्षा इंग्रजीच्या शिक्षिकेनेच वर्गात जाऊन बसावं आणि विज्ञानाच्या धड्यातलं इंग्रजी तिथेच शिकवावं. मी हे आग्रहाने करते. वर्गशिक्षकांना कधी कधी ते आवडत नाही. कोण आवडून घेईल आपल्या तासाला दुसरं कुणी बसलेलं?

आता मुलाबरोबर जाणाऱ्या गोष्टींकडे येते. त्यातली पहिली म्हणजे घरची भाषा. शाळा बदलते, बाई बदलतात, पुस्तकं बदलतात. आई बदलत नाही. पाच-सात वर्षांच्या प्रवासात या मुलाचा एकच शिक्षक कायम असतो, आणि त्यालाच आपण गप्प करतो. ‘घरी मुलाशी इंग्रजी बोला’ हा सल्ला आजही दिला जातो. ज्या आईला बाजारापुरतं इंग्रजी येतं, तिने तेवढ्यातच बोलायचं ठरवलं तर मुलाच्या वाट्याला बाजारापुरतीच भाषा येईल. गोष्टी गेल्या, रागावणं गेलं, ‘असं का झालं?’ वरचं लांबलचक उत्तर गेलं. ‘जरी-तरी’ आणि ‘त्यामुळे’ मूल पहिल्यांदा शिकतं ते याच गप्पांत. एका भाषेत पक्कं झालं की दुसऱ्या भाषेत त्याला फक्त नवा शब्द शोधायचा उरतो.

हे आपल्या मराठी मंडळींनाही सांगावं लागतं. तिकडे शाळेत नाव घालताना घरच्या भाषेचा एक फॉर्म भरून घेतात. पुण्याहून आलेला इंजिनियर बाप तिथे ‘इंग्रजी’ लिहितो. का, तर मराठी लिहिलं की मुलीची इंग्रजीची चाचणी होईल आणि ‘आमची मुलगी इंग्लिश मीडियमची आहे हो!’ चाचणी हा त्याला अपमान वाटतो. त्याच्या मुलीचं फारसं बिघडत नाही, तिचं घर एका जागी असतं, कपाटात पुस्तकं असतात. स्ट्रॉबेरीच्या शेतातल्या बापाने भीतीपोटी तेच लिहिलं, तर मुलाची मदत तिथेच बंद होते. एकच खोटी नोंद, पण एकाची हौस आणि दुसऱ्याचं नुकसान.

दुसरी बरोबर जाणारी गोष्ट म्हणजे कागद. शाळांनी या मुलांच्या नोंदी पाठवाव्यात म्हणून 1970 च्या सुमारास आर्कान्सा राज्यात लिटल रॉक इथे एक संगणक बसवला गेला. देशभरच्या शाळा त्याला माहिती पाठवणार आणि त्याच्याकडून घेणार. इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी, गरिबातल्या गरीब मुलांसाठी केलेली ही सोय होती! पण माहिती उशिरा यायची, अर्धवट यायची; बऱ्याचदा माहिती येईपर्यंत मूल पुढच्या गावी. 1995 मध्ये ही सोय बंद झाली. आताची राष्ट्रीय व्यवस्था 2007 पासून आहे. लसीकरण, इयत्ता, चाचण्यांचे गुण त्यात असतात.

तक्रार करायची तर एवढीच, की त्या पडद्यावर ‘इंग्रजी: पातळी दोन’ असं दिसतं. पातळी दोनचं मी काय करू? मला हवं असतं ते हे: याने स्पॅनिशमध्ये कोणती पुस्तकं वाचली, अपूर्णांक झाले का, पाण्याचं चक्र झालं का, कशावर बोलायला लागला की थांबत नाही. म्हणून माझ्या वर्गातलं मूल जायला निघालं की मी हाताने एक पान लिहून त्याच्या दप्तरात घालते, इंग्रजीत आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, आणि एक पुस्तक देते. वर्गात वाचलेलंच. नवं पुस्तक परकं वाटतं. ओळखीचं पुस्तक मूल गाडीत धाकट्या भावाला वाचून दाखवतं.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसं. जिल्ह्याजिल्ह्यांत काही जणांचं कामच असतं, शेताच्या बांधावर, मजुरांच्या वसाहतीत, कपडे धुण्याच्या दुकानात जाऊन नवी आलेली मुलं शोधायची आणि आईबापांची सही घेऊन त्यांचं नाव योजनेत घालायचं. हे काम करणारे बरेच जण स्वतः शेतात वाढलेले. कॅलिफोर्नियात 1967 मध्ये ‘मिनी-कोर’ नावाची योजना सुरू झाली. फिरत्या मजुरांच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मुलं-मुली आपल्यासारख्याच लहान मुलांना वर्गात बसून मदत करायची, आणि त्यातून पुढे शिक्षक तयार व्हायचे. मला विचाराल तर सगळ्या योजनांत हिला पहिला नंबर. मुलाला तिथे इंग्रजी येणारं पण आपल्यातलं माणूस दिसायचं.

अशा घरातला एक मुलगा, होजे हर्नांडेझ, जन्म 1962. हिवाळ्यात मेक्सिको, मग दक्षिण कॅलिफोर्नियापासून पिकांमागे उत्तरेकडे, असं त्याचं बालपण. बारा वर्षांचा होईपर्यंत इंग्रजी नीट येत नव्हतं. दुसरीच्या बाई घरी आल्या आणि बापाला म्हणाल्या, एका जागी राहा. बापाने ऐकलं, कुटुंब स्टॉकटनला स्थिरावलं. ऑगस्ट 2009 मध्ये हा मुलगा डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेला आणि तिथून स्पॅनिशमध्येही ट्वीट करत होता.

ही गोष्ट शिक्षक मेळाव्यांत हमखास सांगितली जाते आणि टाळ्या घेते. मला त्या बाईंबद्दल आदर आहे. पण ही गोष्ट धोरण म्हणून कामाची नाही. त्या बापाला थांबता आलं. ज्याला डिसेंबरात खोली रिकामी करावी लागते आणि युमाला गेल्याशिवाय पगार नाही, त्याला ‘थांबा’ सांगणं सोपं आहे, थांबणं नाही. मूल फिरणारच असं धरून शाळेने तयारी करायची.

आता आपल्याकडे. दसरा-दिवाळीनंतर बीड, पाथर्डी, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता घेतलेल्या जोडप्याबरोबर मुलं असतात, उचल आधीच घेतलेली असते, म्हणून ‘यंदा नाही जात’ म्हणायची सोय नसते. मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, फडाजवळ साखरशाळा झाल्या, आणि जाणाऱ्या मुलाबरोबर द्यायला शिक्षण हमी कार्ड आहे. ही कल्पना चांगली आहे, अमेरिकेतल्या कागदाची सख्खी बहीण. आपल्याकडे 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे हंगामात तुटतं ते इंग्रजीही. कोल्हापूर-सांगलीकडे गेलेल्या मुलाला निदान मराठी शाळा मिळते. कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेल्याला बहुधा कन्नड शाळा भेटते. घरची मराठी, वर्गातली कन्नड, आणि दोन्ही शाळांत तिसरी म्हणून इंग्रजी: ओआहाकाच्या मुलाशी त्याची गाठ इथे पडते.

त्या कार्डावर इयत्ता आणि हजेरी असेल, असावीच. पण मूल मराठीत कुठपर्यंत वाचतं, इंग्रजीचं कोणतं पुस्तक कितव्या पानापर्यंत झालं, गणितात कुठे आलं, हेही चार ओळींत शिक्षकाने हाताने लिहिलेलं असायला हवं. ते कार्ड मराठीबरोबर कन्नडमध्येही छापायला हवं, नाहीतर निपाणीपलीकडच्या बाई ते वाचणार कशा? आणि परत येताना त्यांनीही त्यावर चार ओळी लिहाव्यात, म्हणजे एप्रिलमध्ये इथले गुरुजी मुलाला पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करणार नाहीत. यासाठी नवा कायदा लागत नाही, संगणक तर नाहीच. दोन राज्यांच्या शिक्षणखात्यांनी एकदा समोरासमोर बसावं लागेल.

वेळ झाली. सभागृहात शिक्षक बरेच दिसतात. प्रश्नोत्तरांत त्यांनी आधी बोलावं, अशी माझी विनंती आहे.